बायबल कळेना, मनात उतरेना: नव्या वाचकाने सुरुवात कुठून आणि कशी करावी

“वाचतो, पण काही कळत नाही आणि आत काही बदलतही नाही.” नव्या वाचकाच्या या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी आहेत. कळत नाही, याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. भलतं पुस्तक आधी हातात घेतलेलं असतं, भाषांतर जड जातं किंवा त्या काळाची माहिती नसते. हे सगळं शिकता येतं. बदलत नाही, याचं कारण निराळं. तिथे वाचलेलं वहीपर्यंत येतं आणि वहीतच राहतं.

गोंधळ असा होतो की ज्याला कळत नाही त्याला “अजून प्रार्थना करा” असं सांगितलं जातं आणि ज्याच्यात बदल होत नाही तो अजून चार अध्याय वाचतो. दोघंही दमतात. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये १ ते ५ समजण्यासाठी आहेत आणि ६ पासून पुढच्या वाढीसाठी. आपली अडचण कुठली, हे आधी स्वतःशी ठरवा आणि त्या भागाला जास्त वेळ द्या.

काय काय लागेल

- एक छापील बायबल. घेताना आत तळटीपा आणि संदर्भ वचनं (त्याच विषयावरची वचनं आणखी कुठे आहेत त्याचे पत्ते) आहेत का ते पाहा. मागे नकाशे असतील तर उत्तम.
- ताडून पाहायला दुसरं भाषांतर. हे मोबाइलवर चालेल. यूव्हर्जनच्या बायबल अ‍ॅपवर मराठी भाषांतरं फुकट मिळतात.
- शंभर पानी वही आणि शिसपेन्सिल. बायबलचा कागद पातळ असतो. जेल पेन आणि ओला हायलायटर मागच्या पानावर उमटतो. रंगच हवा असेल तर लाकडी रंगीत पेन्सिल घ्या.
- विचारता येईल असं एक माणूस. याबद्दल आठव्या पायरीत.

जाडजूड टीकाग्रंथ पहिल्या सहा महिन्यांत घेऊ नका. मूळ मजकुराआधी दुसऱ्याचं मत वाचायची सवय लागली की स्वतः पाहायचं राहून जातं.

१. भाषांतर ठरवा आणि त्यालाच चिकटून राहा

बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेला वापरलं जातं. भाषा जुन्या वळणाची आहे, पण रविवारी जे कानावर पडतं तेच घरी वाचलं तर ते लवकर मुरतं. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झालं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ आजच्या मराठीच्या जवळचं आहे आणि कॅथलिक घरांमध्ये ते जास्त दिसेल.

आमचा सल्ला असा: तुमच्या मंडळीत जे वाचलं जातं ते मुख्य ठेवा आणि सोप्या भाषेतलं एक बाजूला ठेवा. वाक्य अडलं तरच दुसरं उघडा. प्रत्येक वचन चार भाषांतरांत पाहत बसलात तर अध्याय पुरा होणार नाही.

अनुक्रमणिका पाहून घाबरू नका. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं असतात, जुन्या करारात ३९ आणि नव्या करारात २७. कॅथलिक बायबलमध्ये जुन्या करारात आणखी ७ धरून ७३ होतात. नवा करार दोन्हींत तोच.

२. वेळ घरच्या कामाला बांधा

‘पहाटे उठून’ हा नियम सगळ्यांना लागू नाही. डेअरीला दूध घालणाऱ्या घरात पहाट मोकळी नसते. तिथे धारा काढून, दूध घालून परत आल्यावरची वीस मिनिटं धरा. कोल्हापूरजवळ शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळी बदलत असेल तर घड्याळाची वेळ ठरवू नका, ‘कामावरून आल्यावर हातपाय धुतले की’ असं ठरवा. ऊसतोडीच्या दिवसांत वाचन निम्म्यावर येणार हे आधीच धरून चाला, म्हणजे मागे पडल्याचं ओझं होणार नाही.

आठवड्याला पाच दिवस, दिवसाला वीस मिनिटं पुरतात. दोन मिनिटं शांत बसून प्रार्थना, आठ मिनिटांत उतारा दोनदा वाचणं, पाच मिनिटं लिहिणं, पाच मिनिटं पुन्हा प्रार्थना. पाचांतलं एखादं वाचन मोठ्याने करा. ही पुस्तकं आधी मंडळीत वाचून दाखवली जात आणि बहुतेक लोक ती ऐकत. मोठ्याने वाचताना वाक्याचा जोर कुठे आहे ते आपोआप सापडतं.

३. उत्पत्तीपासून सरळ निघू नका

हा सगळ्यात मोठा सापळा. उत्पत्तीचे ५० अध्याय कथांमुळे सरतात, निर्गमचे पहिले २० ही ओढून नेतात. मग निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं येतात, त्यापुढे लेवीयचे २७ अध्याय. बहुतेकांचं बायबल तिथेच मिटतं आणि “आपल्याला जमत नाही” असा समज होतो. दोष वाचणाऱ्याचा नसतो, क्रमाचा असतो.

या क्रमाने जा:

मार्क, १६ अध्याय. येशूचं जीवन सांगणाऱ्या चार पुस्तकांत, म्हणजे शुभवर्तमानांत, सगळ्यात छोटं. एक अध्याय दोन दिवसांत असं धरलं तर दीड महिन्याच्या आसपास होतं. सुरू करण्याआधी एकदा अख्खं ऐकून घ्या. ऑडिओ साधारण दीड-दोन तासांचा असतो. रंकाळ्यावर फिरताना दोन-तीन दिवसांत संपेल.

मग फिलिप्पैकरांस पत्र, ४ अध्याय, एक आठवडा.

मग उत्पत्ती १ ते ३ आणि १२ ते ५०, निर्गम १ ते २०. निर्गम २५ ते ३१ आणि ३५ ते ४० तूर्त सोडा.

मग १ शमुवेल १६ पासून २ शमुवेल १२ पर्यंत, म्हणजे दाविदाची गोष्ट.

मग लूक आणि लगेच प्रेषितांची कृत्ये. एकाच लेखकाचे हे दोन भाग आहेत, सलग वाचले तर दुवे दिसतात.

त्यानंतर लेवीय १६ आणि इब्री लोकांस पत्र ९ शेजारी ठेवून वाचा. प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी आणि त्याचा ख्रिस्ताशी लावलेला अर्थ एका बैठकीत समोर येतो. लेवीय वाचायचं ते या दारातून.

या सगळ्याच्या जोडीला आठवड्याला दोन-तीन स्तोत्रं. ती क्रमानेच वाचा, आवडती निवडू नका.

४. एक उतारा नीट कसा वाचायचा

पद्धत हाताशी यावी म्हणून मार्क ५:२१–४३ घेऊ (पाचवा अध्याय, २१ ते ४३ ही वचनं; पुढचे आकडेही असेच वाचा). याईर नावाचा सभास्थानाचा अधिकारी आपली मुलगी मरणाला टेकली आहे म्हणून येशूच्या पाया पडतो. येशू निघतो. वाटेत रक्तस्रावाने पिडलेली एक बाई गर्दीतून मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते आणि बरी होते. येशू थांबतो. तेवढ्यात मुलगी गेल्याचा निरोप येतो. शेवटी तो घरी जाऊन मुलीला उठवतो.

वहीत पाच प्रश्न लिहा आणि उतारा त्यातून काढा.

*आधी आणि नंतर काय आहे?* मार्क ४:३५ पासून पाहा. आधी समुद्रावरचं वादळ, मग कबरस्तानात राहणारा भूतग्रस्त, मग ही बाई, मग मेलेली मुलगी. माणसाचे हात टेकलेल्या चार जागा लेखकाने ओळीने लावल्या आहेत. एकटी गोष्ट वाचली तर ती चमत्काराची गोष्ट राहते; ओळीत वाचली की “हा आहे तरी कोण?” हा वादळानंतर शिष्यांनी विचारलेला प्रश्न पुढे चालत राहतो.

*काय पुन्हा येतं?* बाई बारा वर्षं आजारी आहे, मुलगी बारा वर्षांची आहे. याईर आपल्या मुलीसाठी आलाय आणि येशू त्या बाईलाही ‘मुली’ म्हणतो. वादळात भीती आणि विश्वास समोरासमोर आले होते, याईरलाही येशू तेच सांगतो. असे धागे पेन्सिलीने अधोरेखित करा.

*कोणाचं नाव आहे, कोणाचं नाही?* याईरला नाव आहे, पद आहे, तो समोरून येतो. बाई निनावी आहे, वैद्यांपायी तिचा सगळा पैसा गेलाय, ती मागून येते. थांबायचं ते येशू तिच्यासाठी थांबतो आणि पदाधिकाऱ्याला वाट पाहावी लागते.

*त्या काळी याचा अर्थ काय होता?* संदर्भ वचनांवरून लेवीय १५:२५–२७ काढा. असा स्राव असलेली स्त्री अशुद्ध, आणि तिच्या अंथरुणा-बसण्याला शिवणाराही संध्याकाळपर्यंत अशुद्ध. गणना १९:११ प्रमाणे प्रेताला शिवणारा सात दिवस अशुद्ध. म्हणजे या एका उताऱ्यात दोन स्पर्श आहेत आणि दोन्हींत अशुद्धता येशूकडे जायला हवी होती. झालं उलटं: त्याच्याकडून आरोग्य आणि जीवन तिकडे गेलं.

इथे मराठी वाचकाला एक फायदा आहे आणि एक धोका. विटाळ म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही, त्या बाईचं गर्दीत लपून येणं लगेच कळतं. धोका हा की आपल्याकडची जातीची शिवाशिव आपण त्या नियमांत भरून वाचतो. लेवीयमधली अशुद्धता जन्माने येत नव्हती. ती कोणालाही येई, याजकालाही (पुरोहितालाही), आणि ठरलेल्या शुद्धीनंतर संपे. ती म्हणजे पाप असंही नव्हे. हा फरक डोक्यात ठेवला नाही तर लेवीय वाचताना चुकीचा राग तरी येतो किंवा चुकीचं समर्थन तरी सापडतं.

*येशू इथे कसा दिसतो, आणि मी कुठे उभा आहे?* हा प्रश्न शेवटीच यावा. “यातून मला काय?” असं पहिल्याच ओळीला विचारलं की उताऱ्याचं तोंड आपल्याकडे वळतं आणि तो बोलायचा थांबतो. आधीच्या चार प्रश्नांनंतर उत्तर नेमकं येतं: दुसऱ्याचं काम आधी झालेलं पाहत उभं राहावं लागलेल्या याईरच्या जागी मी आहे का?

एवढ्या उताऱ्याला दोन दिवस लागले तरी लागू द्या.

५. अडणाऱ्या जागा आणि त्या का अडतात

अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांचे नाहीत. आज वापरात असलेले अध्याय तेराव्या शतकात पडले आणि नव्या करारातली वचनांची विभागणी १५५१ साली रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने केली. त्यामुळे आकडा जिथे तोडतो तिथे विचार तुटतोच असं नाही. यशयातलं दुःख सोसणाऱ्या सेवकाचं गीत ५३ व्या अध्यायात सुरू होत नाही, ते ५२:१३ ला सुरू होतं. अध्याय उघडलात की मागची चार-पाच वचनं पाहायची सवय लावा.

सुटं वचन उचलणं हा दुसरा सापळा. यिर्मया २९:११ घराघरांत कॅलेंडरवर दिसतं: देवाचे विचार हिताचे आहेत, भविष्य आणि आशा देणारे. आता आधीचं वचन वाचा. बाबेलला (बॅबिलॉनला) धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं हे वाक्य आहे आणि परत येणं सत्तर वर्षांनी होईल असं तिथे लिहिलंय. २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा खोटा संदेष्टा ‘दोन वर्षांत सगळं परत मिळेल’ असं सांगत होता. म्हणजे लवकर सुटकेचं आश्वासन देणारा खोटा ठरला आणि ‘तिथे घरं बांधा, बागा लावा’ म्हणणारा यिर्मया खरा. वचन खोटं नाही, उलट पूर्ण वाचल्यावर जास्त आधार देतं. पण “माझी नोकरी या महिन्यात लागणार” यासाठी ते नाही. फिलिप्पै ४:१३ चंही तसंच. सगळं करायला शक्तिमान असल्याचं ते वचन ११ आणि १२ सोबत वाचा. हे पत्र लिहिणारा बंदीतला प्रेषित पौल तिथे उपाशी असताना आणि भरलेलं असताना, दोन्ही वेळी तृप्त राहायला शिकल्याचं सांगतोय.

बायबलमध्ये लिहिलेलं प्रत्येक वाक्य देवाचं म्हणणं नसतं. ईयोब या पुस्तकात दुःखात पडलेल्या ईयोबाचे मित्र पानंच्या पानं धार्मिक बोलतात, ऐकायला पटतंही. ४२:७ मध्ये देव म्हणतो की ते माझ्याविषयी बरोबर बोलले नाहीत. कोण बोलतंय हे न पाहता त्यांचं वाक्य एखाद्या आजारी माणसाला ऐकवलं तर आपणही त्यांच्याच ओळीत बसतो. शास्ते या पुस्तकातले भयंकर प्रसंगही अनुकरणासाठी लिहिलेले नाहीत. राजा नव्हता आणि जो तो आपल्याला बरं वाटेल ते करी, असं त्या पुस्तकाचं शेवटचं वचनच सांगतं.

संदेष्टे कळत नाहीत, कारण त्यांचा काळ माहीत नसतो. वहीच्या मागच्या पानावर आडवी रेघ ओढा आणि चार खुणा करा: दावीद, इ. स. पूर्व १००० च्या सुमारास. शोमरोनाचा, म्हणजे उत्तरेकडच्या इस्राएल राज्याच्या राजधानीचा पाडाव, ७२२. यरुशलेमेचा पाडाव, ५८६. बाबेलहून परत येणं, ५३८. आमोस आणि होशेय दुसऱ्या खुणेआधी बसतात, त्यांच्याआधी २ राजे १७ वाचा. यिर्मया तिसऱ्या खुणेभोवती, त्याच्याआधी २ राजे २५. हाग्गय आणि जखऱ्या चौथीनंतर, त्यांच्याआधी एज्रा १ ते ६. एवढ्याने अर्धी अडचण जाते.

प्रकटीकरण, बायबलचं शेवटचं पुस्तक, अगदी शेवटी वाचा. ते रोमच्या आशिया प्रांतातल्या सात खऱ्या मंडळ्यांना लिहिलं होतं आणि त्यातली चित्रं निर्गम, यहेज्केल, दानीएल यांतून आलेली आहेत. ती पुस्तकं न वाचता युगाच्या शेवटाचे व्हिडिओ पाहत बसलात तर भीती वाढेल, समज वाढणार नाही.

बायबल डोळे मिटून उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आजचं, ही पद्धत सोडा. तो कौल लावण्याचा प्रकार झाला.

६. आठवड्याला एक कृती, नाव आणि वेळ घालून

वाढीची पायरी इथून सुरू होते. याकोब १:२२–२५ ऐकून न करणाऱ्याला आरशात तोंड पाहून विसरणारा म्हणतं. वहीत “मी अधिक प्रेमळ होईन” असं लिहू नका, त्याने काहीच होत नाही. कृतीला माणूस, जागा आणि दिवस हवा.

मत्तय ५:२३–२४ वाचलंत: बांधावरून ज्या भावाशी बोलणं बंद आहे त्याला रविवारी उपासनेआधी फोन. नीतिसूत्रे ११:१ वाचलंत, जिथे खोटा तराजू देवाला नकोसा आहे: मार्केट यार्डात असाल तर सोमवारी आपला काटा तपासणं, डेअरीला घालत असाल तर दुधात पाणी थांबवणं. लूक १९:८ मधला, फसवून घेतलेलं परत करणारा जक्कय वाचलात: कोणाचे पैसे अडकवून ठेवलेत त्याची यादी आणि पहिला हप्ता.

पुढच्या आठवड्यात नवा उतारा उघडण्याआधी त्या ओळीपुढे ‘झालं’ किंवा ‘नाही’ लिहा. सलग तीनदा ‘नाही’ आलं तर नवीन वाचन थांबवा आणि त्याच उताऱ्यावर राहा. हे कठोर वाटेल, पण पुढे वाचत राहून न करण्याची सवय पक्की होते आणि ती मोडणं फार अवघड जातं.

कृती ही देवाला दिलेली किंमत नव्हे. इफिसकरांस २:८–१० मध्ये क्रम स्पष्ट आहे: आधी कृपेने तारण, मग सत्कृत्यं. हा क्रम उलटला की वाचन परीक्षेसारखं होतं आणि चुकलेल्या दिवशी बायबल उघडायचीच भीती वाटते.

७. वाचलेलंच प्रार्थनेत म्हणा

ठरावीक शब्दांची प्रार्थना फिरून फिरून तीच होते. त्याऐवजी आजच्या उताऱ्यातलं एक वाक्य घ्या आणि त्यात आपली माणसं घाला. आठवड्याला एक वचन पाठ करा, त्याच्या आगेमागे काय आहे ते माहीत करून घेऊनच.

८. एकट्याने वाचू नका

रॉयल गूल्ड वायल्डर हे मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च शहरात आहे. इथल्या जुन्या मंडळ्यांमध्ये तीन-चार पिढ्या मराठी बायबल वाचत आलेली घरं आहेत. तिथल्या आजी-आजोबांना स्तोत्रं तोंडपाठ असतात आणि नव्या माणसाने विचारलेलं त्यांना फार आवडतं. पाळकसाहेबांना उपासना संपल्यावर दारात गाठू नका, गर्दीत नीट उत्तर मिळत नाही. आठवड्यातली वेळ मागून घ्या आणि वही सोबत न्या. “मला काही कळत नाही” असं सांगू नका. पुस्तक, अध्याय, वचन आणि अडलेलं वाक्य दाखवा. एका भेटीत तीन प्रश्न पुरे.

घरसभेला जात असाल तर एक पाहा: तिथे उतारा वाचला जातो, की एक वचन वाचून तासभर दुसरंच बोललं जातं? पहिला प्रकार धरा. प्रश्न विचारणाऱ्याला ‘विश्वास कमी आहे’ म्हणणाऱ्या गटापासून लांब राहा. कृत्ये १७:११ मध्ये बिरुयाच्या लोकांचं कौतुक केलंय ते पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात तपासून पाहत म्हणून.

घरात तुम्ही एकटेच वाचत असाल तर वचनं वादासाठी वापरू नका. आधी सहाव्या पायरीतली कृती घरच्यांना दिसू द्या.

९. कोरडे दिवस

येतात, सगळ्यांना. तेव्हा वाचन कमी करा, बंद करू नका. स्तोत्र १३ फक्त सहा वचनांचं आहे, “किती काळ?” असं चार वेळा विचारतं. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. अशी प्रार्थनाही शास्त्रात ठेवली आहे, तेव्हा तुम्हीही ती करू शकता. १ राजे १९ मध्ये एलीया हा संदेष्टा मरण मागतो, तेव्हा त्याला आधी झोप मिळते, मग भाकर आणि पाणी, मग पुन्हा झोप, पुन्हा जेवण. देवाचं बोलणं त्यानंतर. झोप, भूक उडून उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरांकडे जा. तो अविश्वास नव्हे.

१०. तीन महिन्यांनी तपासणी

किती अध्याय झाले ते मोजू नका. वही उघडा आणि तीन गोष्टी पाहा. पहिल्या महिन्यात लिहिलेल्या प्रश्नांपैकी किती आता स्वतः सोडवता येतात? ‘झालं’ किती वेळा आलं? आणि गलतीकरांस ५:२२–२३ मधली आत्म्याची नऊ फळं, म्हणजे नऊ गुण, कागदावर लिहून घरातल्या एका माणसाला द्या: यातलं माझ्यात काय वाढलं, काय नाही? उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका.

प्रश्न सुटले पण घरच्यांना फरक दिसला नाही, तर पुढचा महिना नवं पुस्तक न घेता सहाव्या पायरीवर काढा. घरच्यांना फरक दिसला पण मजकूर अजून धूसर आहे, तर चौथ्या पायरीच्या पाच प्रश्नांसह मार्क पुन्हा पहिल्या अध्यायापासून लावा.